१८० दिवसांचं गणित: ब्रिटनच्या आयएलआरसाठी बाहेरचे दिवस कसे मोजायचे

ब्रिटनमध्ये स्किल्ड वर्कर व्हिसावर, म्हणजे कंपनीने स्पॉन्सर केलेल्या नोकरीच्या व्हिसावर, असलेल्या कुणालाही विचारा, आयएलआर (इनडेफिनिट लीव्ह टु रिमेन, म्हणजे पाच वर्षं सलग वास्तव्य झाल्यावर मिळणारी कायम राहण्याची परवानगी) मिळवायचा तर देशाबाहेर किती राहिलेलं चालतं? उत्तर येतं, "वर्षाला सहा महिने." या तीन शब्दांत दोन घोळ आहेत. वर्ष म्हणजे कुठून कुठपर्यंत, हे त्यात नाही. आणि सहा महिने म्हणजे १८० दिवस नव्हेत.

दुसरा घोळ आधी मिटवू, कारण तो सोपा आहे. नियम आहे तो १८० दिवसांचा. कोणत्याही बारा महिन्यांत १८० पेक्षा जास्त दिवस बाहेर राहिलात की सलग वास्तव्य तुटतं. मोजायचे ते फक्त पूर्ण दिवस. निघालात तो दिवस धरायचा नाही, परतलात तोही नाही. १ मार्चला निघून १ सप्टेंबरला परतलेला माणूस २ मार्च ते ३१ ऑगस्ट बाहेर असतो. ते होतात १८३ दिवस. तो आपल्या मते अगदी सहा महिने राहून आला, आणि नियमाच्या मते तीन दिवसांनी चुकला. बरोबर १८० चालतात, १८१ नाही.

पूर्ण दिवसांच्या या हिशेबाचा फायदाही होतो. शुक्रवारी संध्याकाळी पॅरिसला गेलात आणि रविवारी रात्री परत आलात, तर मोजला जातो एकटा शनिवार. सकाळी जाऊन रात्री परतलात तर शून्य. युरोपातल्या शनिवार-रविवारच्या फेऱ्यांची चिंता करत बसू नका. नोंद मात्र सगळ्यांची ठेवा, कारण अर्जात प्रत्येक फेरी लिहावी लागते.

सरकते बारा महिने

आता खरा मुद्दा. हे बारा महिने जानेवारी ते डिसेंबर नाहीत, आणि व्हिसाच्या तारखेपासूनचं वर्षही नाही. पाच वर्षांतले कुठलेही सलग बारा महिने उचलायचे, त्यांपैकी एकाही तुकड्यात १८० च्या वर आकडा जाता कामा नये.

पूर्वी असं नव्हतं. ११ जानेवारी २०१८ च्या आधी मिळालेल्या व्हिसांना अर्जाच्या तारखेपासून मागे बारा-बारा महिन्यांचे ठरलेले पाच तुकडे पाडायचे आणि प्रत्येकात १८० बघायचे, अशी रीत होती. त्यामुळे २०१५-१६ च्या सुमारास आयएलआर घेतलेले काका-मामा अजूनही "दरवर्षीचे वेगळे धर" असं सांगतात. त्यांच्या वेळी ते खरंही होतं. आज त्या सल्ल्यावर तिकीट काढू नका.

उदाहरणच घेऊ. कुणी १ ऑक्टोबर २०२२ ला लंडन सोडलं आणि २० जानेवारी २०२३ ला परत आलं. बाहेरचे दिवस २ ऑक्टोबर ते १९ जानेवारी: ३०, ३०, ३१ आणि १९, म्हणजे ११०. पुढच्या उन्हाळ्यात १५ जून २०२३ ला निघून १ सप्टेंबरला परत. १६ जून ते ३१ ऑगस्ट: १५, ३१ आणि ३१, म्हणजे ७७.

कॅलेंडर वर्षाने बघितलं तर २०२२ मध्ये ९१ आणि २०२३ मध्ये ९६. अगदी निर्धास्त. व्हिसा १ मार्चपासून सुरू झाला असेल आणि त्या हिशेबाने वर्षं पाडली तर एका वर्षात ११०, पुढच्यात ७७. तिथेही काही दिसत नाही. पण २ ऑक्टोबर २०२२ ते १ ऑक्टोबर २०२३ हे बारा महिने घ्या. दोन्ही फेऱ्या पूर्णपणे आत, बेरीज १८७. तुटलं.

हाच माणूस १ सप्टेंबरऐवजी २५ ऑगस्टला परतला असता तर आकडा नेमका १८० वर थांबला असता. म्हणजे सगळा खेळ एका आठवड्याचा, आणि तो आठवडा दिसला असता तो तिकीट काढताना. अर्ज भरताना तो दिसून उपयोग नसतो.

हाताने तपासायचं असेल तर पाच वर्षांतला प्रत्येक दिवस धरून बसायची गरज नाही. प्रत्येक फेरीच्या पहिल्या बाहेरच्या दिवसापासून पुढे बारा महिने मोजा, आणि प्रत्येक फेरीच्या शेवटच्या बाहेरच्या दिवसापासून मागे बारा महिने मोजा. सर्वांत मोठा आकडा या दोन प्रकारच्या तुकड्यांपैकी एकात सापडतोच. दहा फेऱ्या असतील तर वीस बेरजा.

फेऱ्या जास्त असतील तर संगणकावरची स्प्रेडशीट बरी. पहिल्या पानावर दोन रकाने: ब्रिटन सोडल्याची तारीख, ब्रिटनमध्ये उतरल्याची तारीख. दुसऱ्या पानावर पहिल्या रकान्यात पाच वर्षांतली एकेक तारीख खाली ओढत न्या, सव्वाअठराशेच्या आसपास ओळी होतील. शेजारच्या रकान्यात काउंटइफ्स (अटींत बसणाऱ्या ओळी मोजणारं सूत्र) वापरून विचारा: या तारखेच्या आधी सुटलेल्या आणि या तारखेनंतर संपलेल्या फेऱ्या किती? उत्तर ० किंवा १. तिसऱ्या रकान्यात त्या ओळीसकट मागच्या ३६५ ओळींची बेरीज, आणि त्या संपूर्ण रकान्याचा कमाल आकडा वर एका चौकटीत. मध्ये २९ फेब्रुवारी येत असेल तर ३६६ ओळी धरा. एक दिवस जास्त मोजला गेला तरी बिघडत नाही, कमी मोजला गेला तर बिघडतं.

कुठल्या ओळीत २ दिसला तर दोन फेऱ्या एकमेकींवर चढल्या आहेत, म्हणजे तारीख चुकीची टाइप झाली आहे. बहुतेक वेळा कारण एकच असतं: शीटची सेटिंग अमेरिकन असते आणि ३ एप्रिल हा ४ मार्च होऊन बसतो. सुरुवातीलाच सेटिंग भारत किंवा युनायटेड किंगडम करून घ्या. आणि या शीटमध्ये पुढच्या ठरवलेल्या फेऱ्याही घाला. ती जुना हिशेब मांडण्यापेक्षा पुढच्या तिकिटाआधी उघडण्यासाठीच जास्त कामाची.

शिक्क्यांवर विसंबू नका

बहुतेक जण तारखा पासपोर्टवरून उतरवतात. तिथे गफलत होते. ब्रिटन बाहेर जाताना शिक्का मारत नाही. भारतीय इमिग्रेशनचे शिक्के मात्र जाताना-येताना पडतात, म्हणून लोक तेच धरतात. पण मुंबईचा शिक्का ही मुंबईत उतरल्याची तारीख असते, लंडन सोडल्याची नव्हे.

समजा १० तारखेला रात्री हीथ्रोहून विमान सुटलं, मुंबईत ११ चा शिक्का बसला. परतताना २४ च्या रात्री अकरा वाजता इमिग्रेशन झालं, विमान मध्यरात्रीनंतर उडालं, लंडनला २५ च्या सकाळी उतरलात. ब्रिटनच्या हिशेबाने ११ ते २४, म्हणजे १४ दिवस बाहेर. शिक्क्यांच्या हिशेबाने १२ ते २३, म्हणजे १२. एका फेरीत दोन दिवसांचा फरक, तोही चुकीच्या बाजूला. पाच वर्षांत १२० दिवसच बाहेर गेले असतील तर याने काही अडत नाही. एखाद्या वर्षात १७५ झाले असतील तर अडतं.

म्हणून तारखा घ्यायच्या त्या विमान कंपनीच्या ईमेलवरून, आणि विमान रद्द किंवा लांबलं असेल तर खरोखर कधी उडालं ते बघून. जुने ईमेल गेले असतील तर बँकेच्या स्टेटमेंटमध्ये विमानतळावरचा किंवा ओलाउबरचा खर्च सापडतो, फोनमधल्या फोटोंच्या तारखा सापडतात. तरीही भोकं राहिली तर होम ऑफिसकडे, म्हणजे ब्रिटनच्या गृहखात्याकडे, आपल्याबद्दलची माहिती मागवता येते, त्याला सब्जेक्ट अॅक्सेस रिक्वेस्ट म्हणतात. पैसे लागत नाहीत, साधारण महिनाभर लागतो. त्यात विमान कंपन्यांनी पाठवलेल्या प्रवासाच्या नोंदी येतात. त्या नोंदी शंभर टक्के पूर्ण असतात असं समजू नका, पण तुमची यादी आणि त्यांची यादी शेजारी ठेवली की विसरलेली फेरी लगेच दिसते.

युरोपच्या बाबतीत एक नवी अडचण. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन देशांनी (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश) प्रवेश-निर्गमनाची संगणकीय नोंद सुरू केली आहे आणि शिक्क्यांची जागा ती घेत आहे. म्हणजे पासपोर्ट बघून "आपण स्पेनला कधी गेलो होतो" हे कळण्याचे दिवस संपले. आणि डब्लिन हे ब्रिटनबाहेर धरलं जातं, बेलफास्ट नाही. आयर्लंडहून परतताना ब्रिटनच्या बाजूला नेहमीची पासपोर्ट तपासणी नसते, म्हणून ती फेरी यादीतून हमखास गळते.

पहिल्या वर्षातली एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. पाच वर्षांची सुरुवात व्हिसा मंजूर झाल्याच्या तारखेपासून धरता येते, ब्रिटनमध्ये उतरल्यापासूनच धरायला हवी असं नाही. मात्र तसं धरलंत तर मंजुरी ते आगमन हे सगळे दिवस बाहेरचे म्हणून १८० मध्ये जातात. नोटिस पीरियड संपवून, घर आवरून, अडीच महिन्यांनी आलेल्या माणसाचे पंचाहत्तर दिवस तिथेच गेले. त्याच वर्षी दिवाळी आणि लग्नसराईला मिळून साडेतीन महिने जाऊन आला की संपलं. यावर उपाय सोपा आहे: मोजणी उतरल्याच्या दिवसापासून करायची आणि अर्ज अडीच महिने उशिरा करायचा. व्हिसाची मुदत तोवर पुरते का, एवढंच आधी बघायचं.

अर्ज पाच वर्षं पूर्ण होण्याआधी २८ दिवसांपर्यंत करता येतो. आणि मागे मोजायची सुरुवात अर्जाच्या दिवसापासून, निर्णयाच्या दिवसापासून किंवा अर्जानंतर २८ दिवसांपर्यंतच्या कुठल्याही दिवसापासून, यांतलं तुम्हाला सोयीचं ते धरलं जातं. काठावरच्या प्रकरणात हे २८ दिवस सोनं असतात. सुरुवातीच्या एखाद्या लांब फेरीचे थोडे दिवस पाच वर्षांच्या बाहेर ढकलता येतात.

माहेरचं बाळंतपण

मराठी घरांत १८० चा आकडा सर्वांत जास्त वेळा कुठे मोडतो, तर इथे. आई पुण्याला, सासू नाशिकला, लंडनमध्ये नवरा-बायको दोघंच. माहेरी जायचं ठरणं स्वाभाविक आहे. पण गरोदरपण ही नियमातली सूट नाही. मॅटर्निटी रजा नोकरीच्या बाजूने मान्य असते, कंपनीच्या स्पॉन्सरशिपला, जिच्यावर व्हिसा टिकून असतो, तिने धक्का लागत नाही. त्या रजेत तुम्ही भारतात असाल तर ते दिवस मात्र बाहेरचेच.

हिशेब मांडून बघा. विमान कंपन्या शेवटच्या आठवड्यांत गरोदर प्रवाशांना घेत नाहीत, आणि साधारण अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर डॉक्टरचं पत्र मागतात. म्हणून बहुतेक जणी तिसाव्या-बत्तिसाव्या आठवड्यात निघतात. प्रसूतीआधीचे आठ ते दहा आठवडे तिथे. मग सव्वा महिना. मग बाळाचा जन्मदाखला, त्यावरून भारतीय पासपोर्ट, आणि मग बाळाचा डिपेंडंट व्हिसा, म्हणजे व्हिसाधारकाच्या कुटुंबीयांना मिळणारा. हा व्हिसा लागतोच, कारण भारतात जन्मलेलं बाळ तुमच्या व्हिसावर आपोआप येत नाही. बायोमेट्रिक्सची (ठसे-फोटोची) अपॉइंटमेंट, आणि देशाबाहेरून केलेल्या अर्जाला नेहमीची मुदत तीन आठवड्यांची. दाखल्यात बाळाचं नाव नसलं किंवा आईचं नाव पासपोर्टपेक्षा वेगळं लिहिलं गेलं, तर दुरुस्तीचे दोन-तीन आठवडे वर. सगळं सुरळीत झालं तरी पाच महिने, एक कागद अडला तर सहा.

जायचंच असेल तर दोन गोष्टी करा. त्या फेरीच्या आधीचे आणि नंतरचे बारा महिने जवळजवळ रिकामे ठेवा. आणि बाळाचं नाव आधी ठरवा. बारशाची वाट बघत दाखला नावाविना काढला की पुढचे सगळे कागद थांबतात.

उलट, आईला सहा महिन्यांसाठी इकडे बोलावणं या हिशेबात फार स्वस्त पडतं. ब्रिटनमध्ये जन्मलेलं बाळ त्या दिवशी ब्रिटिश नसतं, पण आई किंवा वडिलांना आयएलआर मिळाला की त्याची ब्रिटिश नागरिक म्हणून नोंदणी करता येते. भारतात जन्मलेल्या बाळाला तो रस्ता नाही.

सूट कशाला मिळते

काही कारणांसाठीचे दिवस १८० मध्ये धरत नाहीत. तुमचा स्वतःचा जीवघेणा आजार. जवळच्या नातेवाइकाचा जीवघेणा आजार किंवा मृत्यू. नैसर्गिक आपत्ती, युद्ध किंवा महामारीमुळे अडकणं. परदेशातल्या मानवी संकटात मदतीला जाणं. शिवाय काही ठरावीक संशोधन पदांवरच्या लोकांना, स्पॉन्सरने मान्य केलेल्या संशोधनासाठी.

या यादीत कंपनीने पाठवणं नाही. हिंजवडीच्या ऑफिसला चार महिने टीम उभी करायला गेलात, पगार लंडनमधून चालू होता, कर इथे भरला, तरी ते दिवस मोजले जातात. लग्न, मुंज, जमिनीची वाटणी, फ्लॅटचा ताबा यांचंही तेच. वडिलांची गुडघ्याची शस्त्रक्रिया कितीही मोठी वाटली तरी ती जीवघेणा आजार नाही.

खरोखर गंभीर आजार असेल तर कागद त्याच वेळी गोळा करा. तीन वर्षांनी हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममधून काही मिळवणं म्हणजे काय असतं ते सांगायला नको. डिस्चार्ज समरी, ज्यात दाखल झाल्याची आणि सोडल्याची तारीख असेल; उपचार करणाऱ्या डॉक्टरचं लेटरहेडवरचं, नोंदणी क्रमांक असलेलं पत्र, ज्यात प्रकृती जीवघेणी होती असं स्पष्ट म्हटलेलं असेल. नुसतं "उपचार चालू होते, नातेवाइकांची गरज होती" एवढ्याने भागत नाही. मृत्यू असेल तर महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा दाखला. कागद फक्त मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर हवं, त्यावर भाषांतर अचूक असल्याचं विधान, तारीख, भाषांतरकाराचं नाव, सही आणि संपर्क. नातं दाखवायला तुमच्या भारतीय पासपोर्टचं शेवटचं पान पुरतं, त्यावर आई-वडिलांची नावं छापलेली असतात. काकू किंवा मामा असेल तर जवळचं नातेवाईक कसं, हे समजावून सांगावं लागेल, आणि ते पटेलच असं नाही.

सूट मिळते ती त्या कारणाला लागू असलेल्या दिवसांपुरती. वडील गेले, दिवसकार्य झालं, आईची व्यवस्था लावायला महिनाभर लागला, इथपर्यंत समजावून सांगता येतं. त्यापुढे चार महिने घरूनच काम करत राहिलात तर ते दिवस साध्या गैरहजेरीत जातील असं धरून चाला.

याच वेळी दुसरा एक नियम आडवा येतो, त्याचा १८० शी संबंध नाही. एका कॅलेंडर वर्षात मिळून चार आठवड्यांपेक्षा जास्त बिनपगारी रजा झाली तर, मॅटर्निटी, आजारपण अशा ठरावीक कारणांखेरीज, कंपनीने स्पॉन्सरशिप थांबवणं अपेक्षित असतं. इथे वर्ष जानेवारी ते डिसेंबरच. वडिलांसाठी घाईत निघताना "बिनपगारी लावा" असं एचआरला सांगून मोकळं होण्याआधी शिल्लक पगारी रजा किती आहे ते विचारा, आणि तिथून काम करण्याची लेखी परवानगी मिळते का ते बघा.

नवऱ्याचं वेगळं, बायकोचं वेगळं

डिपेंडंट जोडीदारालाही १८० चा नियम लागू आहे आणि प्रत्येकाची मोजणी स्वतंत्र. त्यामुळे असं होतं की नोकरी करणाऱ्याचे पाच वर्षांत दोनशे दिवस बाहेर, आणि बाळंतपण, सासूबाईंचं आजारपण, मुलाची शाळा यांत बायकोचं एक वर्ष तुटलेलं. त्याला आयएलआर मिळतो, तिला नाही. तिला डिपेंडंट म्हणून मुदत वाढवून स्वतःची पाच वर्षं पुरी करता येतात. मुलांना स्वतःचा १८० चा हिशेब नाही, पण साधारणपणे दोन्ही पालक स्थायिक झालेले असतील किंवा सोबतच होत असतील तरच मुलाला आयएलआर मिळतो. म्हणजे आईचा उशीर तो मुलाचाही उशीर.

ब्रिटिश किंवा स्थायिक व्यक्तीच्या जोडीदाराचा फॅमिली व्हिसा हा वेगळा मार्ग आहे. तिथे १८० चा आकडा नाही. दोघं ब्रिटनमध्ये एकत्र राहत आहात का, हे बघतात. आयएलआरचा आणखी एक मार्ग म्हणजे दहा वर्षांच्या वास्तव्यावरचा लाँग रेसिडेन्स. त्यात विद्यार्थी, ग्रॅज्युएट आणि कंपनीअंतर्गत बदलीच्या व्हिसावरची वर्षंही धरता येतात, जी स्किल्ड वर्करच्या पाच वर्षांत चालत नाहीत. आयटीतल्या बऱ्याच जणांना तोच मार्ग आधी खुला होतो. तिथे ११ एप्रिल २०२४ पासून सरकत्या बारा महिन्यांत १८० हाच नियम आला. त्याआधी सुरू झालेल्या फेरीला एका वेळी १८४ दिवसांची मर्यादा बघतात.

तुटलं तर

व्हिसा जात नाही. हे आधी सांगतो, कारण घाबरून लोक भलते निर्णय घेतात. तुटतं ते आयएलआरसाठीचं सलग वास्तव्य. अशी पाच वर्षं शोधायची, ज्यांच्या आत १८० ओलांडलेला बारा महिन्यांचा तुकडा नाही. तोवर व्हिसा वाढवत राहायचं. स्किल्ड वर्करला आता एकूण वर्षांची कमाल मर्यादा नाही. फटका बसतो तो पैशांचा. व्हिसाची फी वेगळी, आणि हेल्थ सरचार्ज (सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसासोबत भरायची रक्कम) ६ फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या माणसामागे वर्षाला १,०३५ पौंड. तीन वर्षांची मुदतवाढ म्हणजे नुसता सरचार्ज ३,१०५ पौंड, जोडीदाराचा तितकाच.

तुटलंय हे माहीत असून "बघू, लक्षात नाही येणार" म्हणून अर्ज टाकणं हा सर्वांत महाग पर्याय. आयएलआरची फी ९ एप्रिल २०२५ पासून ३,०२९ पौंड झाली, पुढेही वाढत राहते, आणि नकार आला तर परत मिळत नाही. फेरी लपवली तर तो खोटी माहिती दिल्याचा प्रकार होतो आणि पुढच्या प्रत्येक अर्जात आडवा येतो. चुकून एखादा दिवस इकडेतिकडे झाला आणि तुम्ही मर्यादेच्या खूप आत असाल, तर कुणी त्यावरून अर्ज नाकारत नाही.

पाच वर्षं हा आकडासुद्धा अर्जाच्या आधी नव्याने तपासा. ब्रिटिश सरकारच्या १२ मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत ती दहा करण्याचा प्रस्ताव आला आणि त्याच नोव्हेंबरात त्यावर हरकती-सूचना मागवल्या गेल्या. व्हॉट्सअॅप ग्रुपवर काय फिरतंय यापेक्षा सरकारच्या संकेतस्थळावरचा त्या दिवशीचा नियम वाचा. "कंटिन्युअस रेसिडेन्स" नावाचं परिशिष्ट तिथे सापडेल, फार लांब नाही.

अर्ज केल्यावर निर्णय येईपर्यंत देश सोडायचा नाही. सोडलात तर अर्ज मागे घेतला असं धरलं जातं. साध्या अर्जाला सहा महिनेही लागू शकतात. घरी आई-वडील आजारी असतील तर सुपर प्रायॉरिटी या झटपट निर्णयाच्या सोयीचे १,००० पौंड भरून दुसऱ्या कामाच्या दिवशी निर्णय मिळवणं हा उधळेपणा नाही.

आयएलआर मिळाल्यावर

पुढे नागरिकत्व घ्यायचं असेल तर मोजणी बदलते आणि कडक होते. मागच्या पाच वर्षांत मिळून ४५० दिवस, आणि शेवटच्या बारा महिन्यांत ९०. ब्रिटिश नागरिकाच्या जोडीदाराला तीन वर्षांत २७० आणि शेवटच्या वर्षात तेच ९०. दरवर्षी दीडशे दिवस बाहेर राहणाऱ्याला आयएलआर बिनबोभाट मिळतो, आणि नागरिकत्वासाठी तोच माणूस ७५० वर असतो. त्यातही एक बारीक अट: अर्ज पोचतो त्या तारखेपासून बरोबर पाच वर्षं मागे जाऊन त्या दिवशी तुम्ही ब्रिटनमध्ये हजर असायला हवं. त्या दिवशी तुम्ही दापोलीला असाल तर काही आठवडे थांबून हजर असलेली तारीख साधायची.

भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, म्हणून पुष्कळ मराठी घरं आयएलआरवरच थांबतात. त्यांच्यासाठी नियम एवढाच: सलग दोन वर्षांपेक्षा जास्त बाहेर राहिलात तर आयएलआर आपोआप जातो, नोटीस वगैरे येत नाही. "दर वीस महिन्यांनी आठवडाभर जाऊन येऊ" हा बेत पुण्यात परतलेल्या लोकांत लोकप्रिय आहे. त्याने दोन वर्षांचं मोजणं नव्याने सुरू होतं हे खरं. पण आयएलआर असलेला माणूस इथे राहायला परत येतोय, असं सीमेवर गृहीत धरतात; पाहुणा म्हणून नव्हे. भारतीय पासपोर्टला ई-गेट (पासपोर्ट तपासणारं यंत्र-फाटक) नाही, त्यामुळे अधिकाऱ्यासमोर उभं राहावंच लागतं, आणि "कुठे राहता, काय करता, परतीचं तिकीट कधीचं" हे प्रश्न येऊ शकतात. घर, नोकरी, मुलांची शाळा, सगळं भारतात आणि बॅगेत आठ दिवसांचे कपडे, अशा वेळी द्यायला उत्तर नसतं. दोन वर्षं उलटून गेलीच असतील तर भारतातून रिटर्निंग रेसिडेंट व्हिसाचा अर्ज करता येतो. त्यात ब्रिटनशी अजून कोणते पक्के संबंध आहेत आणि कायमचं परत राहायचा इरादा आहे, हे कागदांनिशी दाखवावं लागतं.